व्हॅनमध्ये गरम पाणी आणि शॉवर: सुरुवात सांडपाण्यापासून

कॅम्पर व्हॅनमध्ये न्हाणी करायचं ठरलं की बहुतेक जण आधी हीटर शोधायला लागतात. गॅसचा घ्यावा की डिझेलचा, किती लिटरचा, बसेल कुठे? खरं तर हीटर हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. तो तयार मिळतो आणि सोबत जोडणीचा नकाशाही येतो. कस लागतो तो दोन ठिकाणी: पाणी साठवायचं कुठे, आणि अंगावरून ओघळलेलं पाणी गाडीबाहेर न्यायचं कसं. या दोन गोष्टी चुकल्या तर उत्तमातला उत्तम हीटरही उपयोगाचा नाही. न्हाणीच्या तळाच्या ट्रेच्या कोपऱ्यात पाणी साचून राहतं, फरशीखालचं प्लायवूड कुजतं, पत्र्याला गंज धरतो, आणि हे सगळं कळेपर्यंत अर्धी गाडी उकलायची वेळ येते. म्हणून इथे आधी पाण्याचा हिशेब, मग सांडपाणी, ट्रे आणि भिंती, आणि त्यानंतर हीटर असा क्रम ठेवला आहे. गाडीतही याच क्रमाने काम करा.

आधी लिटर मोजा

घरातला शॉवर मिनिटाला ८ ते १२ लिटर पाणी सहज सोडतो. व्हॅनमध्ये हे परवडत नाही. मिनिटाला ४ ते ५ लिटर सोडणारा, दांड्यावरच बंद-चालू करायचं बटण असलेला शॉवर घ्या. अंग भिजवायचं, पाणी बंद, साबण लावायचा, पुन्हा चालू करून धुवायचं. अशी अंघोळ ८ ते १० लिटरांत नीट होते. केस लांब असतील तर आणखी ४-५ लिटर धरा.

दोघांच्या अंघोळीचे २० लिटर, स्वयंपाक-भांडी-पिण्याचे १० लिटर, म्हणजे दिवसाला ३० लिटर झाले. ८० लिटरची टाकी अडीच दिवस पुरेल. आता वजन: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा भरलेल्या टाकीचं वजन ८० किलोच्या वर गेलं. गाडीच्या कागदपत्रांत कमाल वजन लिहिलेलं असतं. फर्निचर, बॅटरी, सामान आणि माणसं धरून त्यात किती जागा उरते हे गाडी वजनकाट्यावर नेऊनच कळेल. अंदाजावर सोडू नका, कारण लाकूडकाम वाटतं त्यापेक्षा नेहमीच जड भरतं.

टाकी शक्यतो दोन चाकांच्या आसांच्या मधे, जितकी खाली बसवता येईल तितकी खाली ठेवा आणि पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला बांधा. लाकडी फळीत मारलेले स्क्रू जोरात ब्रेक लागल्यावर ८० किलो धरून ठेवणार नाहीत. सांडपाण्याची टाकी स्वच्छ टाकीएवढी किंवा थोडी लहान असली तरी भागतं. पाणी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातं, त्यामुळे एकूण वजन वाढत नाही, फक्त जागा बदलतं. मात्र स्वच्छ टाकी एका कुशीला आणि सांडपाण्याची दुसऱ्या कुशीला असेल तर दोन दिवसांत गाडीचा तोल एकीकडून दुसरीकडे सरकतो. दोन्ही टाक्या मध्यरेषेजवळ किंवा एकाच बाजूला असलेल्या बऱ्या.

जागा: आधी पुठ्ठा, मग करवत

६०० बाय ६०० मिलीमीटर ही ट्रेची अगदी किमान जागा. ७०० बाय ७०० मिळाली तर अंघोळ सुखाची होते. काहीही कापण्याआधी त्या मापाचा पुठ्ठा जमिनीवर टाका, चारी बाजूंनी पुठ्ठ्याच्याच भिंती उभ्या करा आणि आत उभं राहून केस धुतल्यासारखे हात वर करा. कोपर लागतं का? खाली वाकून पाय घासता येतो का? मग उंची पाहा. ट्रे आणि त्याखालचा आधार मिळून ५०-६० मिलीमीटर जातात, छताच्या अस्तरात आणखी ३० गेले तर डोकं वर टेकतं की नाही ते आत्ताच कळलेलं बरं.

जागा ठरवताना गाडीखाली झोपून पाहाच. जिथे मोरीचं, म्हणजे ट्रेतलं पाणी खाली जायचं, भोक येणार तिथे इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरींचा गठ्ठा किंवा फिरता शाफ्ट तर नाही ना? वरून एक बारीक भोक पाडून खालून ते कुठे निघतं ते बघा आणि मगच होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, लावा. कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत करा, प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या, आणि पाइप जाईल तिथे भोकाच्या कडेला रबरी कडं (ग्रॉमेट) बसवा. उघडा राहिलेला पत्रा पहिल्याच पावसाळ्यात गंजायला लागतो.

सांडपाण्याची वाट

पाणी उताराने जातं, पण व्हॅन कधीच सपाट उभी नसते. घरच्या न्हाणीत एका कोपऱ्याकडे उतार दिला की भागतं. व्हॅनमध्ये आज पुढचा भाग खाली असतो, उद्या मागचा. म्हणून ट्रेला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन मोऱ्या असाव्यात, निदान पुढे एक आणि मागे एक. एकच मोरी असलेला ट्रे घेतलात तर दर मुक्कामाला चाकाखाली ठोकळे घालून गाडी पाणसळीला आणावी लागेल. हे रोज होत नाही, आणि मग पायाशी पाणी साचतं.

टाकीकडे जाणाऱ्या पाइपला दर मीटरला किमान २५ मिलीमीटर उतार द्या. आतून गुळगुळीत पाइप वापरा. खाचाखाचांच्या लवचिक नळीत केस आणि साबणाचा चिकटा अडकतो आणि आठवड्याभरात वास सुटतो. मोरीवर काढता येणारी जाळी हवी. ट्रेच्या खाली ट्रॅप हवा, नाहीतर टाकीतला वास सरळ गाडीत येतो. नेहमीच्या पाण्याच्या ट्रॅपमधलं पाणी वळणावळणाच्या रस्त्यावर उसळून निघून जातं, त्यामुळे आत रबरी पडदा असलेला बिनपाण्याचा ट्रॅप गाडीसाठी जास्त चांगला.

नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटतं ते टाकीचं श्वासनलिका-भोक. टाकीत पाणी शिरायचं तर आतली हवा बाहेर जायला हवी. ती वाट नसेल तर हवा मोरीतूनच गुडगुड करत वर येते आणि पाणी उतरतच नाही. टाकीच्या सर्वांत वरच्या भागातून एक बारीक नळी गाडीबाहेर काढा. टाकी गाडीखाली बसवली तर पाणी आपोआप उतरतं, मात्र ती रस्त्याला घासणार नाही इतक्या उंचीवर हवी. खाली जागाच नसेल तर टाकी आत ठेवून १२ व्होल्टचा उपसा पंप लावावा लागतो. चालतं, पण बिघडण्याजोगी एक वस्तू वाढते. मी तरी उतारालाच पसंती देईन.

ट्रे आणि भिंती

हा भाग घाईने करू नका. पुढे गळती झाली तर दहातल्या नऊ वेळा ती ट्रे आणि भिंत यांच्या सांध्यातून होते, नळाच्या जोडातून नाही.

ट्रेला खालून सगळीकडे आधार हवा. पाय ठेवल्यावर तो जरासा जरी दबला तरी दर अंघोळीला कडेचा सांधा ताणला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. फरशीवर लवचिक पॉलियुरेथेन चिकटाच्या जाड रेघा ओढून त्यात ट्रे दाबून बसवा, पाणसळ लावून दोन्ही मोऱ्यांकडे उतार राहतो ना ते तपासा आणि चिकट वाळेपर्यंत वर वजन ठेवा.

भिंतींसाठी ९ ते १२ मिलीमीटरचं जलरोधक प्लायवूड आणि त्यावर फायबरची, पीव्हीसीची किंवा अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिटची शीट. प्लायवूडच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा, कारण पाणी तिथूनच पिऊन घेतलं जातं. शीटला मागून खाच मारून कोपऱ्यात वळवता आली तर तेवढे सांधे कमी होतात. टाइल्स आणि त्यांच्या फटींत भरायचं ग्राउट गाडीत नकोत: वजन आहेच, शिवाय हादऱ्यांनी ग्राउटला तडे जातात.

आता तो सांधा. शीट ट्रेच्या उभ्या कडेच्या आतल्या बाजूने खाली उतरली पाहिजे, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी ट्रेमध्येच पडतं. शीट कडेच्या बाहेर राहिली तर तेच पाणी सांध्याच्या मागे जातं, आणि मग कितीही सीलंट भरा, ते हरणारच. शीटची खालची कड ट्रेला टेकवू नका. ३ ते ५ मिलीमीटरची फट ठेवा. दोन्ही बाजू स्पिरिटने पुसा, मास्किंग टेप लावा, फट खोलवर पॉलियुरेथेन सीलंटने भरा आणि बोट एकदाच, सलग फिरवा. टेप लगेच काढा. पुन्हा पुन्हा बोट फिरवून थर कागदासारखा पातळ करू नका. जाडी असेल तरच सीलंट ताण सोसतं. ते बाहेरून आत वाळत जातं, २४ तासांत साधारण ३ मिलीमीटर, तेव्हा दोन-तीन दिवस तिथे पाणी पडू देऊ नका. साधं सिलिकॉन इथे टाळा. पुढे दुरुस्ती करायची झाली तर सिलिकॉनच्या जुन्या थरावर काहीच धरत नाही.

दाराऐवजी पडदा हलका आणि सुटसुटीत. त्याचं खालचं टोक ट्रेच्या आत राहील इतका लांब घ्या.

वाफेसाठी न्हाणीच्या छतात किंवा अगदी जवळ बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच. एका अंघोळीची वाफ थंड पत्र्यावर जाऊन बसते आणि अस्तराच्या मागे, डोळ्यांना न दिसता, गंज सुरू करते. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा दुसरीकडून आत यायला वाट लागते, म्हणून समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा.

पंप आणि पाइप

क्रम असा: टाकी, गाळणी, पंप, दाबाची छोटी टाकी, मग टी, म्हणजे पाण्याला दोन वाटा देणारा जोड. टीची एक वाट थंड पाण्याच्या नळाकडे, दुसरी हीटरकडे. पंप १२ व्होल्टचा, डायफ्रामचा, आपोआप बंद-चालू होणारा घ्या. मिनिटाला ७ ते १० लिटरचा पुरेसा होतो. गाळणी पंपाच्या आधीच हवी, कारण टाकीतला प्लास्टिकचा एखादा कीस पंपाच्या पडद्यात अडकला तर पंप चालत राहतो आणि दाब धरत नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंना हातभर लवचिक नळी ठेवा आणि पंप रबरी पायांवर बसवा, नाहीतर त्याची घरघर पाइपांतून सगळ्या गाडीभर घुमते. दाबाच्या टाकीतली हवा पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा थोडी कमी भरा. ही टाकी नसेल तर नळाची धार धडधडत येते आणि गरम-थंडाचं मिश्रणही सतत हलतं.

पाइपसाठी पुश-फिट, म्हणजे नुसते दाबून बसणाऱ्या, जोडांचे अर्धकडक पाइप नवख्यांना सोयीचे. पाइप काटकोनात, पाइप-कटरनेच कापा. करवतीने कापलेली खडबडीत कड आतल्या रबरी रिंगला चिरते. पाइप जोडात पूर्ण आत गेला की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून कापल्यावर टोकापासून जोडाच्या खोलीएवढ्या अंतरावर पेनाने खूण करा आणि ती खूण जोडाच्या तोंडाशी येईपर्यंत दाबा. मग उलट ओढून पाहा. दर अर्ध्या मीटरवर क्लिप लावा. गरमाचा पाइप लाल, थंडाचा निळा ठेवलात तर पुढे वर्षभराने पटकन ओळखू येतो.

पंपाला साधारण ५ ते ८ अँपिअर लागतात. ४-५ मीटर अंतराला २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर आणि पंपाच्या माहितीपत्रकात दिलेला फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळ. दाराशी हाताला येईल असं पंपाचं बटण ठेवा आणि गाडी चालवताना ते बंद ठेवायची सवय लावा. जोड सुटला तरी टाकी गाडीत रिकामी होत नाही.

आता हीटर

१० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ५२० वॉट-तास लागतात. हा एक आकडा लक्षात ठेवला की निवड बरीच सोपी होते. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सुमारे १२८० वॉट-तास असतात, म्हणजे एकदा पाणी तापवलं की चाळीस टक्के बॅटरी संपली. तेच काम साधारण ५० ग्रॅम गॅसमध्ये होतं. निव्वळ बॅटरीवर पाणी तापवणं म्हणूनच जड जातं. बाहेरची वीज मिळते तिथे मात्र विजेची कॉइल छान. ३०० वॉटची असेल तर पावणेदोन तास लागतील.

हेच १० लिटर ६० अंशांचं पाणी थंडात मिसळलं की ४० अंशांचं सुमारे १८ लिटर होतं. प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, कारण गरम पाणी निघतं तसं थंड पाणी आत शिरून मिसळतं. तरीही दोघांच्या आटोपशीर अंघोळी होतात. दहा लिटरची टाकी लहान वाटून मोठी घ्यायचा मोह होतो, पण बहुतेकांना तिची गरज नसते. व्हॅनसाठी प्रसिद्ध असलेल्या ट्रुमा कॉम्बी हीटरमध्येही १० लिटरच पाणी असतं आणि तोच हीटर गाडीही उबदार ठेवतो.

रोज गाडी चालवणार असाल तर इंजिनच्या उष्णतेवर चालणारी टाकी, म्हणजे कॅलरिफायर, मला सगळ्यांत आवडते. इंजिन थंड ठेवणारं कूलंट ८०-९० अंशांवर फिरत असतं. ते टाकीतल्या गुंडाळीतून फिरवलं की प्रवासात पाणी फुकट तापतं. आवरण चांगलं असेल तर रात्री मुक्कामाला पोचल्यावरही ते कढत असतं. केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या नळ्यांत ही गुंडाळी जोडतात. काही गाड्यांत केबिनचा हीटर बंद केला की त्या नळ्यांतला प्रवाहच थांबतो, ते आधी तपासा. जोडणीनंतर कूलंट पुन्हा भरून त्यातली हवा पूर्ण काढावी लागते, नाहीतर इंजिन तापेल. हे काम मेकॅनिककडून करून घ्या. कूलंट विषारी असतं. गुंडाळी कधी गळाली तर ते पाण्यात उतरू शकतं, म्हणून गरम नळाचं पाणी पिऊ नका, चहालाही घेऊ नका.

गॅसचा हीटर घेणार असाल तर तो बंद ज्वलनकक्षाचाच घ्या: जळायला हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा. बाहेर टांगायचे छोटे इन्स्टंट गीझर स्वस्त आणि मोहक असतात, पण ते गाडीच्या आत कधीही, एका मिनिटासाठीही, लावायचे नाहीत. त्यांच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद गाडीत तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो. गॅसची जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी थेट बाहेर उघडणारं भोक लागतं. आणि इंधन कुठलंही असो, झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय पहिली रात्र काढू नका.

हीटर जोडताना चार वस्तू गाळू नका. थंड पाणी आत येतं तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे गरम पाणी मागे फिरत नाही. दाब वाढला तर सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह, ज्याची नळी गाडीखाली निघते. हीटरच्या सर्वांत खालच्या जागी रिकामं करण्याचा व्हॉल्व्ह. आणि गरम पाणी बाहेर पडतं तिथे तापमान बांधणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजतं आणि इंजिनवर तापलेलं त्याहूनही गरम असतं. अरुंद जागेत धारेपासून बाजूला सरकायला वाव नसतो. मिक्सर ४० अंशांच्या आसपास लावून ठेवा, मुलं असतील तर ३८. टाकीतलं पाणी मात्र ६० अंशांपर्यंत तापू द्या. २० ते ४५ अंशांत फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात, तेव्हा टाकी कायम कोमट ठेवणं धोक्याचं.

शॉवरचं बटण दांड्यावर असल्यामुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते. बटण बंद आणि मिक्सर उघडा असताना गरम-थंड पाणी मिक्सरमधून एकमेकांच्या पाइपांत शिरू शकतं. मिक्सरच्या दोन्ही वाटांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. शॉवरची नळीही दाब सोसणारी हवी, कारण बटण बंद असताना ती पंपाच्या पूर्ण दाबाखाली असते.

भिंती बंद करण्याआधी चाचणी

पहिल्यांदा पाणी भरताना हीटर बंद ठेवा. गरम नळ उघडा आणि पंप चालू करा. आधी हवा फुसफुसत येईल, मग थांबत थांबत पाणी, मग सलग धार. सलग धार आल्याशिवाय विजेची कॉइल चालू करायची नाही. रिकाम्या टाकीत ती जळून जाते.

सगळे नळ बंद करा आणि पंप बंद होऊ द्या. आता गाडीत शांतता ठेवून तासभर थांबा. नळ बंद असताना पंप मधूनच क्षणभर 'टर्र' करून थांबला तर कुठेतरी दाब उतरतोय. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिपकागद ठेवा. डोळ्यांना न दिसणारा थेंबही कागदावर गडद डाग पाडतो. रात्रभर कागद तसेच राहू द्या आणि सकाळी एकेक उचलून पाहा. मग पाणी तापवून हेच पुन्हा करा, कारण तापल्यावर पाइप नरम होतात आणि थंडीत घट्ट बसलेला जोड गरमात पाझरू शकतो.

ट्रेची चाचणी वेगळी. मोऱ्या बंद करून त्यात दोन बोटं पाणी भरा, तासाभराने खालून हात फिरवा. मग मोऱ्या उघडा आणि गाडी मुद्दाम तिरक्या जागी उभी करून पाणी पूर्ण उतरतं का ते बघा. हे सगळं जमलं की खराब रस्त्यावर एक फेरी मारा आणि टिपकागदांची तपासणी पुन्हा करा. त्यानंतरच पाइपांवर फळ्या लावा, आणि त्या स्क्रूने लावा, चिकटवू नका.

स्वच्छ टाकी वापरायच्या आधी पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांसाठी मिळणाऱ्या निर्जंतुक द्रावणाने धुवा, द्रावण प्रत्येक नळातून आणि शॉवरमधून काढा, मग दोनदा साध्या पाण्याने. गाडी काही आठवडे उभी राहिली असेल तर हे पुन्हा करा.

कडक थंडीच्या प्रदेशात जाणार असाल तर गोठणबिंदूच्या जवळ तापमान यायच्या आधी सगळं पाणी काढून टाका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि हीटरची टाकी, पंपाचं डोकं, मिक्सर यांना चिरा पाडतं. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा, सगळे नळ मधल्या स्थितीत उघडे ठेवा, पंप काही सेकंद कोरडा चालवून त्यातलं पाणी बाहेर घालवा, आणि शॉवरची नळी हुकवरून काढून ट्रेमध्ये आडवी सोडा, म्हणजे तिच्या वळणात पाणी राहत नाही.